मिठाच्या डब्यातला चमचा

४ तारीख, मंगळवार

उशीर झाला, माफ कर. जाताना तू ही वही हातात ठेवून म्हणालीस, रोज लिहा, काय खाल्लं, बीपी किती आलं, परत आल्यावर मी वाचणार आहे. तुला लेकीच्या बाळंतपणाला जाऊन बरेच दिवस झाले आणि वही आज उघडतोय. पेन सापडत नव्हतं असं लिहिणार होतो, पण पेन तू वहीलाच दोऱ्याने बांधून ठेवलेलं निघालं.

खरं कारण असं की लिहायला बसलं की मनातलं बाहेर येतं, आणि मनातलं सध्या तुला वाचायला देण्यासारखं नाही. म्हणून ठरवलंय की सगळं लिहायचं आणि तू यायच्या आधी नको ती पानं फाडायची.

हे पान फाडायचं आहे.

कारखान्यात माझं काही खरं दिसत नाही. तुला वाटतं मी तिथे सूप पितो आणि घरी येतो. काम तेवढंच आहे, पण माझ्याशिवाय कुणाला जमलेलं नाही. टोमॅटो सूपचा मसाला मोठ्या पिंपात मिसळून निघाला की त्यातलं वाटीभर करायचं, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि म्हणायचं, ‘जाऊ दे.’ मिशा काळ्या होत्या तेव्हापासून माझ्या ‘जाऊ दे’शिवाय एक पाकीट गाडीत चढलेलं नाही. (थुंकायचं हा नियम. मी गिळतो. अन्न थुंकायला मन होत नाही.) लोक मला सूपकाका म्हणतात ते उगाच नाही.

आता मालकांची सून, म्हणजे मॅडम, खाण्यापिण्याचं काहीतरी शिकून आल्यापासून नवीनच निघालंय. दर मंगळवारी माझ्यापुढे तीन पांढरे कप येतात. दोन कपांत एकच सूप, एकात वेगळं. वेगळा कोणता ते सांगायचं. मला तिन्ही सारखेच लागतात. मी अंदाजाने बोट ठेवतो. बहुतेक वेळा चुकतं. मॅडम कागदावर खूण करतात आणि खूश होतात. मी चुकल्यावर खूश होणारी बाई आजवर एकच पाहिली होती, ती सध्या लेकीकडे आहे.

खूश का होतात ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. म्हातारा काढायला निमित्त हवंय. म्हणे चव घेणारं यंत्र निघालंय. त्याला चहा लागत नाही, रजा लागत नाही. माझी जीभ मेली तर मी काय करणार, पाचवी शिकलेला माणूस? डोळे गेले तर चष्मा देतात, कान गेले तर यंत्र देतात. जिभेला काय देतात?

निघताना मॅडम म्हणाल्या, ‘काकूंचा फोन होता. मुलगी बरी आहे, बाळाला अजून तीन आठवडे तरी आहेत म्हणाल्या.’ मला फोन नाही आणि त्यांना आहे. तुम्हा दोघींचं एवढं काय बोलणं असतं ते आल्यावर सांग.

बीपी: घेतलं नाही.

६ तारीख, गुरुवार

उकडलेले बटाटे आणि भात केला. दोन्ही खारट. मी काही जास्त टाकलं नाही. तू टाकतेस तेवढंच टाकलं, एक चमचा. फक्त डब्यातला चमचा सापडला नाही, म्हणून चहाचा घेतला. चमचा तो चमचा.

वाटलं, हल्ली मीठच जास्त खारट येत असेल. पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेलो. तो माझा लहानपणापासूनचा मित्र असला तरी दुकानात मी गिऱ्हाईक म्हणूनच बोलतो.

‘हे मीठ फार खारट आहे,’ मी म्हणालो.

त्याने पिशवी उलटसुलट करून पाहिली. ‘साखर गोड लागत असेल तर तीही घेऊन ये,’ म्हणाला. ‘एकदमच बदलून देतो.’

दुकानात दोन बायका होत्या, त्या हसल्या. मी पिशवी घेऊन परत आलो. रात्री बटाटे धुऊन खाल्ले.

डॉक्टरांकडेही गेलो होतो. वर्षभर बीपी हळूहळू खाली येत होतं, ते म्हणे पुन्हा वर चढलंय. त्यांनी विचारलं, मध्यंतरी काय बदललं? मी म्हटलं, बायको गावाला गेली. डॉक्टर गालात हसले. मी या वयात असा आशाळभूत दिसतो याचं वाईट वाटलं.

८ तारीख, शनिवार

हे पान आधी फाडायचं.

कप धुणाऱ्या मावशींना गाठलं. कप भरायचं कामही त्यांचंच. दोन किटल्या असतात, एकीतून दोन कप, दुसरीतून एक. म्हणजे वेगळा कप कोणता ते या कारखान्यात मॅडमच्या खालोखाल मावशींना ठाऊक.

मी आडून आडून विचारत होतो, तर त्या म्हणाल्या, ‘काका, सरळ बोला, माझे हात साबणात आहेत.’

सरळ बोललो. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्हाला कळत नाही?’

‘कळतं. खात्री हवी.’

‘कधीपासून कळत नाही?’

‘वर्ष होईल.’

मावशींनी कप निथळत ठेवले. ‘वेगळ्या कपाचा कान भिंतीकडे करून ठेवीन. बाकी दोघांचा दाराकडे. त्याबद्दल महिनाभर तुमचे कप तुम्ही विसळायचे.’

मी कबूल केलं. एवढ्या वर्षांच्या अब्रूची किंमत कप विसळणं ठरली. महाग नाही.

११ तारीख, मंगळवार

बीपी: घेतलं नाही. घेतलं असतं तर यंत्र फुटलं असतं.

कप आले. मधल्याचा कान भिंतीकडे. मी तरी तिन्ही चाखले, डोळे मिटले, मान हलवली, सगळं केलं. मग मधल्यावर बोट ठेवलं.

मॅडमचा चेहरा पडला. ‘नक्की?’ म्हणाल्या. ‘पुन्हा करू या.’ पुन्हा कप आले. यावेळी पहिल्याचा कान भिंतीकडे. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर.

‘काय वेगळं वाटतंय काका?’

आता आली का पंचाईत. मी म्हणालो, ‘धार नाही.’ हा शब्द कुठून आला देव जाणे.

मॅडम खुर्चीत बसल्या. पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मग मालकांना बोलावलं. मालक आले ते माझ्या पाठीवर थाप मारतच. ‘सांगत होतो की नाही? या जिभेला कोण फसवणार? बस झालं आता. चोवीस तारखेपासून जुना मसाला सुरू.’

‘बाबा, आणखी एक महिना द्या,’ मॅडम म्हणाल्या.

‘ठरलं होतं काय? काकांना कळत नाही तोवर गिऱ्हाइकाला कळत नाही. आता काकांना कळलं. गिऱ्हाईक दुसऱ्याचं सूप घेईल, मग तू त्याला काय वाचायला देणार?’

जुना काय आणि नवा काय, मला समजलं नाही. मसाला एकच आहे. बहुधा मिरीचा व्यापारी बदलला असेल. पण ‘काकांना कळलं’ हे मालकांनी दोनदा म्हटलं ते मी नीट ऐकलं. नोकरी वाचली. मॅडमना मात्र वाईट वाटलं. म्हातारा काढायचा बेत फसला की वाटणारच.

मग मला का वाईट वाटतंय?

१३ तारीख, गुरुवार

मॅडम कोपऱ्यावरच्या दुकानात लावायला एक मोठा कागद रंगवत होत्या. ‘पाकिटाची मागची बाजू वाचा.’ मी सहज म्हणालो, मागच्या बाजूला काय आहे? पुढे एवढा छान टोमॅटो आहे.

त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. एवढी वर्षं इथे आहे, पण मागची बाजू मी पहिल्यांदा पाहिली. मुंग्यांची रांग चालल्यासारखी अक्षरं. मॅडमनी एका ओळीवर नख ठेवलं. सोडियम.

‘हे कोण टाकतं?’ मी विचारलं. ‘माझ्यासमोर तर कुणी टाकत नाही.’

‘मिठातच असतं, काका. हा आकडा म्हणजे मीठ समजा. दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून दोन हजारांच्या आत राहायचं.’

आकडा होता तीनशे नव्वद. म्हटलं, मग पुष्कळ जागा आहे.

‘ते एका वाटीचं. पाकिटावर लिहिलंय, चार वाट्या. तुमच्या घरी एक पाकीट किती जण पितात?’

‘आम्ही दोघं.’

‘मग दुप्पट करा. शिवाय तुम्ही इथे दिवसभर किती वाट्या चाखता?’

मी म्हणालो, थुंकतो. त्या म्हणाल्या, ‘काकू म्हणतात तुम्ही गिळता.’

हे तू त्यांना का सांगितलंस?

मग त्या कागद गुंडाळायला लागल्या. म्हणाल्या, आता लावून उपयोग नाही, चोवीसनंतर लोक मागची बाजू वाचतील तर आपलंच पाकीट खाली ठेवतील. हे कोडं मी घरापर्यंत घेऊन आलो. सुटलं नाही.

१५ तारीख, शनिवार

माझं आणि दुकानदाराचं भांडण झालं. असं भांडण आमच्यात शाळेतल्या गोट्यांवरूनसुद्धा झालं नव्हतं.

तो मागची खोली आवरत होता. साबणाच्या खोक्यांमागे आमच्या सूपचा एक खोका निघाला, धूळ बसलेला. मुदत संपायला थोडे दिवस होते. म्हणाला, विकवत नाही आणि टाकवत नाही, चल आपणच पिऊ. शेगडीवर पाणी ठेवलं. मीच नीट मोजून सूप केलं.

पहिला घोट घेतला आणि मी तो थुंकला. मी. जन्मात न थुंकलेला माणूस.

‘काय झालं?’

‘हे आमचं नव्हे. हा समुद्र आहे.’

‘पाणी कमी घातलं असशील.’

पाणी वाढवून पाहिलं. तरी घशाला मीठ चिकटलंच. मी पाकीट उजेडात धरलं. तोच टोमॅटो, तेच नाव. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुणीतरी आमच्या नावाने नकली माल काढतंय. आणि तो माझ्या मित्राच्या दुकानात आहे.

‘कुणाकडून घेतलास हा?’

‘तुझ्याच गाडीतून उतरला. गेल्या वर्षी.’

‘माझ्या जिभेवरून हे गेलंच नसतं. स्वस्तात मिळालं म्हणून घेतलंस ना?’

तो एवढा लालबुंद झाला की मी बसल्या जागी मागे सरकलो. म्हणाला, ‘एवढी वर्षं तुझं सूप विकतोय. पाऊस नसताना, थंडी नसताना, लोक सरबत मागत असताना विकतोय. आणि मला नकली म्हणतोस? ऊठ. पैसे देऊ नकोस, फक्त ऊठ.’

मी उठलो. पण दोन पाकिटं खिशात घातली. पुरावा.

जेवण: नाही. तोंडातली खारट चव जात नव्हती.

१७ तारीख, सोमवार

वही तुझ्या हाती पडायच्या आत जाळावी का, असा विचार चालू आहे.

सकाळी पाकीट मालकांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, नकली माल सापडलाय. मालकांनी आधी माझ्या डोळ्यांत पाहिलं, मग सूप करायला सांगितलं. चाखलं आणि पेल्यातलं पाणी घटाघटा प्यायले. ‘हे आपल्या नावाने विकतात? जीभ भाजली मिठाने. कोण आहे तो हरामखोर? वकिलाला लाव फोन.’

मॅडमनीही एक घोट घेतला. मग पाकीट उलटं करून खालच्या बाजूचे तारखेचे आकडे वाचले. पुन्हा वाचले. आणि तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या.

‘बाबा, फोन ठेवा. हरामखोर आपणच आहोत.’

त्यांनी दुसरं, आजचं पाकीट आणलं आणि दोन्ही पाठ वर करून शेजारी ठेवली. ‘काका, परवा दाखवलेली ओळ वाचा. मोठ्याने.’

मी चष्मा पुसून वाचलं. आजचं, तीनशे नव्वद. खोक्यातलं, सहाशे दहा.

‘हे तुम्हीच पास केलेलं आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘मी आले तेव्हाचं. तेव्हापासून दर दीड महिन्याने चिमूटभर मीठ कमी करतेय. एकदम केलं तर लोक बोंब मारतात. हळूहळू केलं की जीभ मागोमाग येते, तिचं तिलाही कळत नाही. तुमची आली. बाबांची आली. दुकानांमधून एक तक्रार नाही. तुम्ही दर मंगळवारी चुकत होता ना, ती माझी परीक्षा होती, तुमची नाही.’

मालक पेला हातात धरून त्या आकड्यांकडे पाहत होते. ‘हे आपण विकत होतो?’

‘आणि चोवीसपासून पुन्हा विकणार होतो.’

मला वाटलं सुटलो. तेवढ्यात मालक माझ्याकडे वळले. ‘पण मग मंगळवारी काकांना कळलं कसं? तेही तीनदा?’

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भिंत आहे.

चहाचा ट्रे घेऊन मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, सगळ्या कपांचे कान एका बाजूला केले, एका कपाचा भिंतीकडे केला, आणि म्हणाल्या, ‘असं कळलं. आणि काका, ठरल्यापासून एकही कप विसळलेला नाही तुम्ही.’

१८ तारीख, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी धुतलेला सदरा घालून गेलो. काढून टाकायचंच असेल तर माणूस स्वच्छ तरी दिसावा.

तीन कप मांडलेले होते. मॅडम म्हणाल्या, बसा.

‘मी उभाच बरा.’

‘काका, तुम्हाला काढलं तर माझं काम बंद पडेल. यंत्राला सगळं कळतं. मला असा माणूस हवा की ज्याला चव कळते, पण गिऱ्हाइकाइतकीच कळते. तुम्हाला कळत नाही, यातच तुमची किंमत आहे.’

मी हे वाक्य दिवसभर उलटसुलट करून पाहिलं. स्तुती आहे की नाही ते ठरत नाही. पण जुना मसाला रद्द झाला, आणि माझी खुर्ची राहिली. न कळण्याचा पगार मिळणारा मी एकटाच असेन. (मालक नाही का, असं मावशी म्हणाल्या.)

एक अट आहे. शनिवारी दुकानात उभं राहून मी लोकांना दोन्ही पाकिटांचं सूप चाखायला द्यायचं आणि मागची बाजू वाचायला शिकवायचं. म्हणजे आधी दुकानदाराची माफी मागायची. त्यापेक्षा काढून टाकलं असतं तर परवडलं असतं.

आज कप पाहिले. तिन्ही कान दाराकडे. चाखलं, बोट ठेवलं, चुकलो. मॅडम खूश झाल्या. मीही.

कप विसळले.

२२ तारीख, शनिवार

दुकानदाराने टेबल बाहेर मांडून ठेवलं होतं, मी काही बोलायच्या आतच. मी म्हणालो, ‘परवाचं मनात ठेवू नकोस.’

‘कोणतं? नकली?’ तो म्हणाला. ‘छे. मी नकली आहे, टेबल नकली आहे. कप तेवढे तुझे खरे आहेत.’ संध्याकाळपर्यंत त्याने हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. मी ऐकून घेतलं. माफी याहून निराळी काय असते?

लोक आले. मी सांगत होतो, पाकीट उलटा, सोडियम शोधा, वाट्या किती लिहिल्यात ते बघा, तुम्ही किती जण पिता ते बघा. एक गृहस्थ म्हणाले, मला बीपी नाही. मी म्हटलं, मलाही नव्हतं. एका बाईंनी जुनं सूप चाखून तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, ‘आजोबा, हे पास कोण करत होतं?’

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, ‘मीच.’

त्या बाई नव्या सूपची दोन पाकिटं घेऊन गेल्या. मागची बाजू वाचून.

आवरताना मी मॅडमना विचारलं, ‘कारखान्यात मी घोटभर चाखतो. तेवढ्याने एवढी जीभ बदलते?’

‘तेवढ्याने नाही बदलत,’ त्या म्हणाल्या. ‘तीन वेळचं जेवण बरोबर असावं लागतं.’ आणि टेबलाचं दुसरं टोक उचलायला गेल्या.

हे त्या कशावरून म्हणाल्या ते विचारायचं राहिलं.

२४ तारीख, सोमवार

नको ती पानं फाडायला बसलो. मोजून पाहिलं तर सगळी फाडली की पुठ्ठा आणि दोऱ्याचं पेन उरतं. म्हणून फाडत नाही. जावई उद्या इकडे कामाला येणार आहेत, त्यांच्याबरोबर ही वही आहे तशी पाठवतो. तू हसशील. तुम्ही दोघी फोनवर हसाल. हसा.

मिठाच्या डब्यातला चमचा अजून सापडलेला नाही. सगळं घर पालथं घातलं. भांड्यांच्या दुकानात जाऊन आलो. तिथल्या मुलीने विचारलं, केवढा हवा? मी हाताने दाखवायला गेलो तर दाखवता येईना. पूर्वी तो बोटाएवढा होता. मग मधे कधीतरी नखाएवढा दिसायला लागला, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

काल जावयांनी फोनवर सहज सांगितलं, आई आल्यापासून जेवण जरा हलकं वाटतं, पण काय बदललं ते कळत नाही. मी तुझं गुपित फोडलं नाही. बिचाऱ्याला कळत नाही यातच त्याची किंमत आहे.

पाकिटाच्या मागे निदान छापलेलं असतं. तुझ्या हाताच्या मागे काय छापलंय ते मी वाचलं नाही कधी. आता अंदाजाने करतो, तर भात एक दिवस खारट आणि एक दिवस सपक. बीपी आज घेतलं. किती आलं ते लिहीत नाही, तू घाबरशील आणि लेकीला सोडून येशील.

आधी बाळाचं कळव. झालं की लगेच, रात्री कितीही वाजले तरी. मॅडमच्या आधी मला. आणि मग त्या चमच्याचं कळव, तो केवढा आहे, आणि परत घेऊन कधी येतेस. पण लवकर कळव.